दुहेरी शिवण

शिवणबाई दुकानात शिरल्या की दारावरचा रखवालदार आत बघून नुसती भुवई उडवायचा, आणि गल्ल्यावरची मुलगी हातातला चहा घाईघाईनं संपवून टाकायची. बाई आल्या म्हणजे पुढचा बराच वेळ त्यांच्याच नावचा. तांदूळ सुटा घेणार, तोही स्वतःच्या डब्यात. डब्याचं रिकामं वजन आधी करायला लावणार. तेलासाठी किटली पुढे करणार. साबणाच्या वडीवरचा कागद एक वेळ चालेल, पण त्यावर तो चकचकीत पापुद्रा कशाला, म्हणून विचारणार. विचारून थांबतील तर त्या बाई कसल्या. पापुद्रा तिथंच सोलून गल्ल्यावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हा तुमचा. मी साबण घेतलाय."

मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर शिवण शिकवलं. नोकरी संपली, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. दुकानातली कुठलीही वस्तू हातात आली की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "संपल्यावर हे कुठं जाणार?" वस्तू कुठून आली हे दुकानदार सांगू शकायचा, कुठं जाणार हे त्याच्या बापालाही ठाऊक नव्हतं. सफरचंदं समुद्रापलीकडून आलीत असं कळलं की त्या ती परत ठेवायच्या, आणि कुणी हात न लावलेली वेडीवाकडी गाजरं मात्र एकेक निवडून घ्यायच्या. "ह्यांना मी नाही नेलं तर कोण नेणार?" असं वर विचारायच्या, जणू अनाथाश्रमात आल्या आहेत.

त्यांच्या मागे दोन पावलं अंतर ठेवून, दोन्ही खांद्यांवर कापडी पिशव्या आणि हातात अंड्यांचा रिकामा पुठ्ठा घेऊन त्यांचे यजमान चालायचे. ते लिफ्ट दुरुस्त करायचे, म्हणून सगळे त्यांना लिफ्टमास्तर म्हणायचे, पुढे नुसतेच मास्तर. रांगेत कुणी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं की मास्तर हळूच म्हणायचे, "आमच्याकडे जुनं काही फेकत नाहीत हो. म्हणून तर मी अजून आहे."

माणूस थंड डोक्याचा. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की वरून ओरडून सांगायचे, "दार ठोकू नका, खाली बसा, मी आलोच." घरातही तेच धोरण. लाकडी दांड्याच्या टूथब्रशचे केस गळायचे, ते जिभेवरून वेचत म्हणायचे, "आज न्याहारीआधीच न्याहारी झाली." बाईंनी घरी केलेल्या साबणानं पाठ खाजायची, तर दाराच्या चौकटीला पाठ घासून मोकळे व्हायचे. एकच गोष्ट त्यांना सुटत नव्हती, ती म्हणजे वेफर्स. हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या खाली, ते एक चकचकीत पुडी लपवून ठेवायचे. एकदा ती बाईंना सापडली. मास्तर म्हणाले, उंदरानं आणून टाकली असेल. बाई म्हणाल्या, "उंदीर हल्ली कात्रीनं कापून खातो वाटतं." पुढचे तीन दिवस घरात भांड्यांचाच तेवढा आवाज होता.

कुणी म्हणेल, बाई खुळी होती. म्हणू दे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. बाईंचं माहेर कचऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी होतं. अख्ख्या शहरानं खाऊन, वापरून, टाकून दिलेलं तिथं येऊन पडायचं. तो डोंगर आतून जळायचा. ज्वाळा कधी दिसायच्या नाहीत, नुसता धूर, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सारखाच. बाईंची आई त्या धुरात खोकायला लागली ती शेवटपर्यंत खोकतच राहिली. डॉक्टरनं तिची छाती तपासून विचारलं होतं, ह्या विडी ओढतात का? जिनं आयुष्यात चुलीपलीकडचा धूर जवळ केला नाही, तिला हा प्रश्न. आई गेली तेव्हा बाईंचं लग्नही झालं नव्हतं. तेव्हापासून हातात पिशवी, वेष्टन, बाटली काहीही आलं की त्यांना तो डोंगर दिसायचा आणि आईचा खोकला ऐकू यायचा. अशा माणसाशी वाद कसला घालायचा?

मास्तरांनी कधी घातला नाही. आणि पुढे जे झालं त्याची मुळं, म्हटलं तर, ह्या न घातलेल्या वादातच होती.

मास्तरांची नोकरी संपून वर्षही झालं नसेल, त्यांना सकाळी दाढी करताना अर्धांगाचा झटका आला. डावं अंग गेलं. जीभ जड झाली, शब्द एकेक करून बाहेर पडायला लागले. दवाखान्यात बाई खाटेशेजारी बसून राहिल्या. सलाइनची पिशवी, नळ्या, हातमोजे, औषध भरलेल्या सुया, सगळं एकदा वापरायचं आणि पिवळ्या डब्यात टाकायचं. त्या डब्याकडे बघून बाईंनी एका शब्दानं काही विचारलं नाही. नवरा जगतोय की नाही हे कळत नसताना कचरा कोण मोजतो? तेवढी अक्कल त्यांना होती, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

घरी सोडताना नर्सनं डायपरचा एक पुडा हातात दिला. म्हणाली, "हे संपले की असेच आणा. आणि दर दोन तासांनी कूस बदलत जा."

घरी आल्यावर खरी पंचाईत सुरू झाली. कधी नव्हे ती त्यांच्या घरातली कचऱ्याची बादली भरायला लागली. ओले, जड गोळे. इतकी वर्षं त्यांची बादली आठवड्यातून एकदा निघायची, सफाईवाला म्हणायचा, तुमच्याकडे माणसं राहतात की नाही? आता रोज सकाळी ती काठोकाठ. गाडी येऊन घेऊन जायची आणि गाडी कुठं जाते हे बाईंना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. पुडा संपत आला तशा त्या दुकानात गेल्या, तोच पुडा फळीवरून काढून उलटसुलट करून पाहिला, आणि सवयीनं तोंडातून निघालं, "संपल्यावर हे कुठं जाणार?" गल्ल्यावरच्या मुलीनं ऐकलं. बाईंनी पुडा परत ठेवला.

त्याच दुपारी त्यांनी माळ्यावरून जुन्या सुती चादरी काढल्या. धुऊन धुऊन मऊ झालेल्या, सायीसारख्या. एकावर एक सहा थर घातले, मध्ये गोळा होऊ नयेत म्हणून उभे-आडवे टाके मारले, कडा आत दुमडल्या आणि चारही बाजूंनी दुहेरी शिवण घातली. दुहेरी शिवण हा बाईंचा धर्मच होता. शाळेत त्या मुलींना सांगायच्या, "कापड फाटलं तरी चालेल, शिवण उसवता कामा नये." त्यांनी शिवलेल्या पिशव्या लोकांच्या घरी पंधरा पंधरा वर्षं टिकल्या होत्या. डायपरऐवजी अंगाखाली घालायच्या ह्या घड्याही तशाच. मशीन चालवताना बऱ्याच दिवसांनी त्यांना हलकं वाटलं. निदान एवढं तरी आपल्या हातात आहे, असं वाटलं. पलीकडच्या खाटेवरून मास्तर बघत होते.

"कशी झालीय?" त्यांनी पहिली घडी उचलून दाखवली.

"प... पक्की," मास्तर म्हणाले.

त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. तिला फोनवर कळलं तेव्हा ती भडकली. "आई, तू दिवसाला एवढं धुणं धुणार? तुझं वय काय? मी इथून मागवते डायपर, दारात येतील."

"खोक्यात घालून, खोक्यावर आणखी प्लास्टिक गुंडाळून. नको."

"बाबांना विचारलंस?"

"त्यांना काय विचारायचंय? तान्ह्या पोरांना आम्ही कापडातच वाढवलं. तुला वाढवलं."

"मी दोन महिन्यांची होते गं, रडायचे तरी. आई, बाबांचं अंग म्हणजे तुझी मोहीम नाहीये."

हे बाईंना लागलं. त्यांनी फोन ठेवला आणि पुढचे काही दिवस उचललाच नाही. पोरीला काय कळतंय, रात्रंदिवस करतंय कोण, असं त्या मनातल्या मनात घोकत राहिल्या. माणूस चुकत असला की त्याच्याकडे कारणांचा तुटवडा नसतो.

घोकायला बळ द्यायला खालच्या मजल्यावरची बँकवाली होती. ती बँकेत कामाला होती आणि उरलेल्या वेळात इमारतीच्या कचऱ्यामागे लागलेली असायची. ओला वेगळा, सुका वेगळा, जिन्यात पाट्या. शिवणबाई म्हणजे तिचं दैवत. घड्या दोरीवर वाळत घातलेल्या बघून ती वर आली, एक हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाली, "काकू, खरंच पाय धरावेसे वाटतात तुमचे. इतक्या मोठ्या आजारपणातसुद्धा." मग इमारतीतल्या सगळ्या बायकांना तिनं ते सांगितलं. बाई लिफ्टमधून जाताना लोक जरा सरकून जागा द्यायला लागले. बाईंना ते आवडलं नाही असं म्हणणं खोटं होईल.

धुणं मात्र जीव काढणारं होतं. भिजवा, उकळा, घासा, पिळा. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. मग आभाळ धरून राहायला लागलं आणि घड्या वाळेनात. अर्धवट वाळलेल्या घड्या पुठ्ठ्यासारख्या ताठ व्हायच्या. बाई त्या हातांनी चोळून चोळून मऊ करायच्या आणि मास्तरांच्या खाली घालायच्या. डावा खांदा दुखायचा म्हणून मास्तरांना उजव्या कुशीवर निजवावं लागे. स्वतःहून त्यांना वळता येत नव्हतं. दिवसा बाई नेमानं कूस बदलायच्या, पण रात्री, दिवसभराच्या धुण्यानं मेलेलं शरीर आडवं झालं की त्यांना जागच यायची नाही. मास्तर हाकही मारायचे नाहीत.

उजव्या खुब्यावर लाली दिसली तेव्हा बाईंना वाटलं, घामानं असेल. तेल लावलं. पावडर टाकली. मास्तर जेवायला कमी झाले, बाईंना वाटलं आजारपण. ते खिडकीकडे बघत पडून राहायला लागले, बाईंना वाटलं उदासी. प्रत्येक गोष्टीला बाईंकडे उत्तर होतं आणि एकही बरोबर नव्हतं.

एका सकाळी अंग पुसताना खिडकीतून ऊन तिरकं आत आलं आणि थेट त्या खुब्यावर पडलं. बाई ओला कपडा हातात घेऊन तशाच थांबल्या. लालीच्या मधोमध दोन रेघा होत्या. एकमेकींना समांतर, सरळ, आणि रेघांवर बारीक बारीक ठिपके, सगळे सारख्या अंतरावर. एके ठिकाणी दोन्ही रेघा मिळून कातडी उघडली होती आणि आत ओलं दिसत होतं. वर्गातल्या मुलींच्या शिवणाचा ढीग पुढे टाकला तरी कुठलं काम कुणाच्या हातचं, हे बाई नुसतं बघून सांगायच्या. टाक्याची लांबी, ओढ, वळण. हा टाका कुणाचा हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही.

त्यांनी कपडा बादलीत टाकला. खाटेच्या कडेला बसल्या.

"दुखतं?"

मास्तर खिडकीकडे बघू लागले.

"अहो, मी विचारतेय. दुखतं का?"

"टो... टोचतं."

"केव्हापासून?"

मास्तरांनी बराच वेळ घेतला. जीभ जड होती म्हणून, की सांगावं की नाही म्हणून, ते बाईंना कळलं नाही. "पहिल्यापासून."

"मग बोलला का नाहीत? तोंड आहे ना तुम्हाला? उजवा हात चालतोय, थाळी वाजवायची, पेला पाडायचा, काहीतरी करायचं."

"तू... एवढं मनापासून... शिवत होतीस." मग थोडं थांबून, तोंडाच्या चांगल्या बाजूनं जरासं हसल्यासारखं करून म्हणाले, "म्हटलं, होईल सवय. पिशव्यांची... झाली तशी."

बाईंना त्यांचा असा राग आला की क्षणभर हात उगारावासा वाटला. इतकी वर्षं ह्या माणसानं जिभेवरचे केस वेचले, पाठ चौकटीला घासली, वेफर्स चोरून खाल्ले, आणि एकदाही म्हटलं नाही की पुरे आता. आणि आपण त्याला होकार समजत आलो. मग राग उतरला आणि त्यांना स्वतःची किळस आली. त्यांनी पदराचा बोळा कोंबावा तसा हात तोंडावर दाबून धरला, कारण मास्तरांच्या देखत रडायचं नव्हतं. पण रडू आलं ते आलंच. मास्तर चांगल्या हातानं त्यांचं मनगट थोपटत राहिले, आणि त्यानं त्या आणखीच रडल्या.

दवाखान्यात कळवल्यावर नर्स आली. तिनं जखम पाहिली, धुतली, औषध लावलं. "पडून असलेल्या माणसाला होतंच हो," ती म्हणाली. "घरोघरी होतं. मनाला लावून घेऊ नका." तिला शिवण दिसली नाही. तिला ती कशी दिसणार?

नर्स गेल्याबरोबर बाई दुकानात गेल्या. डबे नाहीत, किटली नाही, घाईत पिशवीही नाही. डायपरचा सगळ्यात मोठा पुडा, त्याच्याबरोबर प्लास्टिकच्या चादरी, ओल्या कागदांची पाकिटं असं सगळं छातीशी धरून त्या गल्ल्यावर आल्या. मागे रांग होती. रांगेत ओळखीचे दोन चेहरे होते.

"एक पिशवी द्या," बाई म्हणाल्या.

गल्ल्यावरच्या मुलीला आधी ऐकू आलं नाहीसं वाटलं. "काय?"

"पिशवी. मोठी. काळी असली तर बरं."

"काकू, पिशव्या आम्ही ठेवत नाही आता. तुम्हीच मालकांना पत्र दिलं होतंत ना, सह्या घेऊन? तेव्हापासून बंद केल्यात." मुलगी टोमणा मारत नव्हती, तिचा चेहरा उलट कौतुकाचाच होता. बाईंना वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं.

त्यांनी अंगावरची शाल काढली, सगळं तिच्यात बांधलं आणि ते गाठोडं पोटाशी घेऊन चोरासारख्या घरी निघाल्या. लिफ्टमध्ये नेमकी बँकवाली भेटली. गाठोड्यातून पुड्याचा निळा कोपरा बाहेर आलेला होता.

"काय हो काकू, डायपर?"

"शाळेतल्या एका बाईंच्या आईला हवे होते," शिवणबाई म्हणाल्या. आयुष्यात फार थोडं खोटं बोललेल्या माणसाचं असतं तसं ते खोटं होतं, गरजेपेक्षा लांब. "त्यांना बाहेर पडता येत नाही. म्हटलं, मी आणून देते. वाटेतच आहे."

"तुम्ही आणि डायपर, काय योग आहे," म्हणून बँकवाली हसली.

ते एक खोटं निस्तरायला मग रोजची चोरी आली. इमारतीच्या बादलीत डायपर टाकले तर सगळ्यांना कळणार. म्हणून बाई पहाटे, दूधवाल्याच्याही आधी, पुडकं बांधून चार गल्ल्या पलीकडच्या कचराकुंडीपर्यंत चालत जायच्या. आणि दिवसा दोरीवर दोन-तीन घड्या ओल्या करून वाळत घालायच्या, कुणी वापरलेल्या नसताना. नाटक करायचं तर पूर्ण करायचं. आईच्या डोंगरावर आता मास्तरांचेही डायपर जळत असणार, हे त्यांना रोज पहाटे परतताना आठवायचं, आणि तरीही दुसऱ्या दिवशी त्या जायच्या. रात्री गजर लावून उठायच्या, कूस बदलायच्या. पहिल्या कोरड्या रात्रीनंतर मास्तर म्हणाले होते, "झोप लागली." तेवढंच. पण बाईंनी मनात हिशेब केला की मग त्याआधी ती लागत नव्हती.

जखम भरली नाही. वर कातडी धरल्यासारखी व्हायची आणि आत खोल जायची. नर्स रोज यायला लागली, मग डॉक्टर आले, मग ताप आला. मुलगी रजा काढून आली. तिनं कपाटात डायपरचे पुडे पाहिले आणि आईच्या गळ्यात पडली. "ऐकलंस ना शेवटी माझं," ती म्हणाली, "किती बरं झालं." बाईंनी तिला काही सांगितलं नाही. तापात मास्तर बडबडायचे, दार ठोकू नका, आलोच, आलोच. जखमेचं विष रक्तात गेलं. आभाळ मोकळं झालं, लख्ख ऊन पडायला लागलं, आणि त्या आठवड्यात मास्तर गेले.

भेटायला येणारे येत राहिले. प्रत्येकाच्या तोंडी एकच. काय केलंस गं बाई नवऱ्याचं. एवढं आजारपण काढलं पण तत्त्व सोडलं नाही. एक डायपर घरात आणला नाही म्हणे. खालच्या मजल्यावरून वर येईपर्यंत ही गोष्ट प्रत्येकाला कुणीतरी सांगितलेली असायची. बाई खाली मान घालून ऐकायच्या, आणि लोकांना वाटायचं, किती विनयशील.

मुलगी परत गेली. घर रिकामं झालं. घड्या बाईंनी धुऊन, वाळवून कपाटात ठेवून दिल्या. फेकवत नव्हत्या, आणि पुसणी करायला कात्री लावायचा धीर होत नव्हता.

असेच काही आठवडे गेले आणि एका दुपारी बँकवाली वर आली. तिचा चेहरा ओढलेला होता. सासूबाई जिन्यात पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं, आता बरेच महिने अंथरुणात.

"काकू, तुम्हाला त्रास देणं बरं दिसत नाही ह्या दिवसांत," ती म्हणाली. "पण त्या घड्या तुम्ही ठेवल्या असतील ना? नसतील तर नव्या शिवून द्याल का? आमच्या यांनी डायपर आणायचे म्हटलं तर मी सरळ सांगितलं, काकूंनी केलं तर आपल्याला का नाही जमणार?"

"डायपर आण," बाई म्हणाल्या.

बँकवाली हसली, मग थांबली. "तुम्ही म्हणताय हे?"

"मी म्हणतेय. आजच आण."

"काकू, तुम्ही दमला आहात. साहजिक आहे." ती जरा दुखावली होती. दैवतानं असं बोलायचं नसतं. "बरं, शिवू नका. एक नमुना तरी द्या. मी खालच्या शिंप्याकडून करून घेईन. अगदी तुमच्यासारखी, दुहेरी शिवण घालून."

बाई उठल्या. बोलायला तोंड उघडलं, पण काय सांगायचं त्याची सुरुवात सापडेना. एकदा सुरुवात केली की दुकान, शाल, पहाटेची कुंडी सगळंच सांगावं लागणार होतं, आणि ते ऐकून ही बाई रडेल, समजूत घालेल, घरोघरी होतं म्हणेल, आणि खाली जाऊन शिंप्याला बोलावेल. त्यांनी कपाटातून एक घडी काढली. मास्तरांच्या खाटेवर अंथरली. कड नेमकी कुठं यायची ते हातानं चाचपून सरळ केली.

"झोप ह्याच्यावर."

"मी?"

"उजव्या कुशीवर. माप कळेल तुला."

बँकवाली चप्पल काढून संकोचत आडवी झाली. बाईंनी तिचा खुबा घडीच्या कडेवर येईल असं तिला जरा पुढे सरकवलं. "आता हलायचं नाही," त्या म्हणाल्या आणि शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

सुरुवातीला बँकवाली बोलत होती. डॉक्टर काय म्हणाले, रजा किती शिल्लक आहे, नणंद येते म्हणाली पण येईल तेव्हा खरं. मग तिचं बोलणं तुटायला लागलं. तिनं पाय हलवला.

"हलायचं नाही."

"खाली काहीतरी टोचतंय, काकू."

"शिवण आहे."

खिडकीबाहेर कुणाची तरी गाडी चालू होत नव्हती, पुन्हा पुन्हा खाकरत होती. बँकवालीनं श्वास धरून कंबर जराशी उचलायचा प्रयत्न केला, बाईंच्या नजरेला नजर भिडली आणि तिनं ती परत टेकवली.

"सासूबाईंना बोलता येतं ना?" बाईंनी विचारलं.

"येतं की. पण त्या कुठल्या तक्रार करताहेत. गाय आहे नुसती."

"मास्तरांनीही केली नाही."

बँकवालीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू गेला. मग ती हातावर भार देऊन उठायला लागली, तशी बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"अजून जरा थांब," त्या म्हणाल्या. "रात्र फार मोठी असते गं."